तांदळात लिहिलेलं नाव

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. चोरीच्या गाड्या, खोटे चेक, नवराबायकोची भांडणं. कुठलं कोणत्या वर्षीचं, विचारू नका. पण वाइनच्या तीन खोक्यांचं प्रकरण मात्र मला तारखेवार आठवतं, आणि आठवलं की आजही हुश्श होतं.

मी मूळचा नागपूरचा. टेक्सासला मास्टर्स करायला आलो, काही वर्षं इंजिनिअर म्हणून काम केलं, कंटाळलो, आणि नागरिकत्व मिळाल्यावर सरळ पोलिसात भरती झालो. आईवडिलांनी दोन वर्षं ही बातमी नातेवाइकांना सांगितलीच नाही. ‘सरकारी खात्यात आहे’ एवढ्यावर भागवायचे. २००७ च्या उन्हाळ्यात मी अर्विंगजवळच्या एका लहानशा शहरात डिटेक्टिव्ह होतो. माझ्याकडे आर्थिक गुन्ह्यांचं टेबल होतं. टेबल म्हणजे खरंच एक टेबल, त्यावर फोन आणि कागदांचा ढीग.

एका सकाळी ऑनलाइन वाइन विकणाऱ्या कंपनीचा फोन आला. नवीन ग्राहकाला पहिल्या ऑर्डरवर ते घसघशीत सवलत द्यायचे. एकाच अपार्टमेंटमध्ये सहा आठवड्यांत तीन ‘नवीन ग्राहक’ झाले होते. नावं निराळी, कार्डं निराळी. पण वाइनच्या डिलिव्हरीला सही घ्यावी लागते, आणि डिलिव्हरीवाल्याचं म्हणणं असं की तिन्ही वेळा एकाच बाईने सही केली. त्या काळात लोकांची ओळख चोरून कार्डं वापरणाऱ्या टोळ्यांनी आम्हाला भंडावून सोडलं होतं. माझ्या वरिष्ठ लेफ्टनंटने यादी माझ्यापुढे सरकवली. म्हणाला, “तुमच्याकडची नावं दिसतात. बघ, कोणाची चोरली आहेत.”

खरी नावं मी सांगणार नाही, बदलून देतो. मृणाल गोखले. अश्विनी देव. शारदा देव.

यादी वाचली आणि मला थोडं हसू आलं, थोडी धाकधूकही झाली. पहिल्या दोन नावांचा अंदाज मला खुर्चीत बसल्याबसल्या आला होता. तिसऱ्याचा येत नव्हता.

दुपारी मी आणि ठाण्यातला माझा जोडीदार त्या पत्त्यावर गेलो. जोडीदार अस्सल टेक्सासचा, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, कोणावर विश्वास न ठेवण्याची सवय लागलेला. गाडीतून उतरून दारापर्यंत जाईस्तोवर शर्ट पाठीला चिकटला. दार एका तिशीच्या मुलीने उघडलं. बिल्ला पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला. आत सोफ्यावर नऊवारीतल्या एक बाई भेंडी चिरत बसल्या होत्या. त्या तिच्या सासूबाई, सहा महिन्यांसाठी आलेल्या.

कोणाला ताब्यात घ्यायचं नव्हतं, म्हणून घरीच विचारपूस सुरू केली. माझा नेम असा की पहिली पाच मिनिटं आपण बोलायचं नाही. घाबरलेला माणूस शांतता भरून काढायला स्वतःच बोलतो.

“सर, दोन्ही मीच आहे,” ती म्हणाली. “मृणाल पण मीच, अश्विनी पण मीच. मी फेक आयडी केलेला नाही, सर.”

“एका माणसाची दोन नावं कशी?” जोडीदाराने विचारलं.

तिने पासपोर्ट आणला, त्यावर अश्विनी. डिग्री आणली, मायक्रोबायॉलॉजीची एमएस्सी, त्यावर मृणाल. लग्नाआधी मुंबईत नोकरी करताना काढलेलं कार्ड मृणालचं, इथे नवऱ्याने काढून दिलेलं अश्विनीचं. जोडीदाराने सगळं टेबलावर ओळीने मांडलं आणि तोंड वाकडं केलं. त्याच्या लेखी ही आता पक्की टोळी झाली होती, कागदपत्रांसकट.

सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण दोन कार्डं आणि सुनेचं रडवेलं तोंड त्यांना दिसत होतं. सुरी बाजूला ठेवून त्या उठल्या, आतून लग्नाचा अल्बम घेऊन आल्या आणि एक पान माझ्यापुढे धरलं. ताटात तांदूळ पसरलेले, नवऱ्या मुलाच्या हातात सोन्याची अंगठी, आणि तांदळात ठसठशीत अक्षरांत ‘अश्विनी’.

“मीच निवडलं नाव,” त्या म्हणाल्या. “हिचं आधीचं मृणाल.”

मी जोडीदाराला समजावलं. आमच्याकडे लग्नात आडनावच काय, कधीकधी बाईचं पहिलं नावही बदलतात आणि ते असं तांदळात लिहितात. त्याने अल्बम स्वतःकडे ओढला. “म्हणजे नवरा ताटात लिहितो आणि बाई दुसरी होते?”

“साधारण तसंच.”

“आणि तिला कोण विचारतं?”

त्या फोटोची प्रत आमच्या फाइलमध्ये लागली, खाली माझ्या सहीने भाषांतर. आमच्या ठाण्यात तांदूळ पुरावा म्हणून पहिल्यांदाच आले असावेत.

आता ती जरा मोकळेपणी बोलू लागली. नवऱ्यामुळे मिळालेल्या डिपेंडंट व्हिसावर होती, कामाची परवानगी नाही. एवढं शिकून दिवसभर घरात. किण्वन, म्हणजे आंबवण्याची प्रक्रिया, हा तिचा अभ्यासाचा विषय, त्यातून वाइनची गोडी लागली. मग स्वस्तात चांगली कशी मिळवायची याचाच तिने अभ्यास केला. बारा बाटल्यांचं खोकं घेतलं की वेगळी सूट. नवीन सालचा माल आला की मागच्या सालचा स्वस्त होतो, तेव्हा घ्यायचा. बाटल्या कार्टमध्ये टाकून दोन दिवस तशाच सोडून द्यायच्या, मग कंपनी स्वतःहून कूपन पाठवते. जोडीदाराने खिशातून वही काढली. मला वाटलं जबाब लिहून घेतोय. नंतर पाहिलं तर बायकोसाठी उतरवून घेत होता.

इथवर ठीक होतं. आपल्याच दोन नावांनी दोनदा सवलत घेणं हा फार तर कंपनीचा नियम मोडणं. कंपनीने खातं बंद करावं, मिटलं. पण तिसरं खोकं शारदा देव या नावाने आलं होतं, आणि शारदा देव म्हणजे समोर उभ्या असलेल्या सासूबाई. मुलाने त्यांना आपल्या खात्यावर जोडकार्ड काढून दिलं होतं. त्या कार्डावर सुनेने ऑर्डर केली होती, आणि दारात त्यांच्या नावाने सहीसुद्धा.

“त्यांना विचारलं होतंस?” मी मराठीत विचारलं.

तिने सासूबाईंकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, “काका, आमच्या ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू पुढच्या महिन्यात आहे.”

सर सोडून काका झालो, यावरून काय ते समजलो. दुसऱ्याची ओळख परवानगीशिवाय वापरणं हा टेक्सासमध्ये गंभीर गुन्हा. तसा आरोप लागला असता तर तिचं आणि नवऱ्याचं इथलं सगळं बस्तान उठलं असतं. माझ्या हातात काही उरलं नव्हतं. सगळं सासूबाईंच्या एका उत्तरावर होतं, आणि घरात वाइन येते हे तरी त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

सुनेला मी आतल्या खोलीत पाठवलं. सासूबाईंना समोर बसवलं.

“तुमच्या नावाने या घरात काही मागवायला तुम्ही परवानगी दिली होती का?”

“आधी सांगा, तिला काय होईल?”

“परवानगी असेल तर काही नाही. नसेल तर मला पुढची कारवाई करावी लागेल.” एवढं मी बोलायला नको होतं. बोलून गेलो.

त्यांनी भेंडीचं ताट बाजूला सरकवलं. “दिली होती,” त्या म्हणाल्या.

“कधी?”

“लग्नात. माझं जे आहे ते आता तुझं, असं भर मांडवात सांगितलं होतं मी तिला. दोनशे माणसं होती. मी शब्द फिरवत नाही.”

मी जोडीदाराला इंग्रजीत सांगितलं. त्याने विचारलं, “लेखी आहे का?” मी अल्बमकडे बोट दाखवलं. त्याने वही मिटली. त्या खोटं बोलल्या का? मला नाही वाटत. त्यांनी दिलेलं उत्तर मी शब्दशः लिहिलं.

जबाबाच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो, आणखी कोणत्या नावाने ओळखले जाता. एरवी तो गुन्हेगारांच्या टोपणनावांनी भरतो. मी सवयीने विचारलं. बाईंनी पदर सारखा केला.

“कमल साठे,” त्या म्हणाल्या. “हे माहेरचं. चाळीस वर्षांत कोणी विचारलं नाही.”

आतल्या दारात सून उभी होती. तिच्याही कानावर हे नाव पहिल्यांदाच पडत होतं. ती येऊन त्यांच्या पायाशी बसली आणि गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “पुरे आता. आणि मला न विचारता पुन्हा काही मागवायचं नाही. ती लाल परवाची बरी होती, पांढरी आंबट लागली.” म्हणजे बाईंना सगळं ठाऊक होतं.

गुन्हा नोंदवला नाही. कंपनीने तिन्ही खाती बंद केली, मुलीने माफीची ईमेल पाठवली, लेफ्टनंटने फाइलवर सही केली. मला इतकं हलकं वाटलं की घरी जाताना मी गाडीत मोठ्याने गाणं म्हटलं.

चौकशीत नाव विचारणं ही सगळ्यात पहिली पायरी. ती मी हजारो वेळा केली असेल, आणि त्यात काही शिकण्यासारखं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. त्याच आठवड्यात बँकेला फोन केला. पलीकडच्या मुलीने ओळख पटवायचा नेहमीचा प्रश्न विचारला, आईचं माहेरचं नाव काय. मी आडनाव सांगितलं, तिचं काम झालं. माझं झालं नाही. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि लग्नाआधी तिला काय म्हणत हे मला माहीत नव्हतं. मामांकडे ती नुसती अक्का असायची.

मामांना नागपूरला फोन लावला. ऐंशीच्या पुढचे, कानाने कमी. तीनदा ओरडून विचारावं लागलं. मग ते म्हणाले, “चंपा. शाळेच्या दाखल्यावर चंपा होतं. का रे?”

मामा दोनदा ‘हॅलो’ म्हणाले. फोन कट झाला असं वाटून त्यांनी ठेवून दिला. मी हलक्या आवाजात ते नाव एकदा म्हणून पाहिलं.