वणव्याची रेघ

आमच्या मोठ्या काकांना बिनडागाच्या लाकडाचा राग यायचा. सुतार माणूस, पण सागाची सरळ, स्वच्छ फळी हाती आली की उलटसुलट करून बाजूला ठेवत. म्हणत, "मुकी हाय ही. हिच्यावर जन्मात काय गुदरलंच नाय." अशा फळ्या कशेळ्यातल्या गिऱ्हाइकांच्या दारांना लागत. भुंग्यांनी पोखरलेल्या, तडकलेल्या मात्र घरी येत.

त्यांचेच आमचे जेवायचे पाट. प्रत्येकाला त्याची खोड पाहून दिलेला. माझ्या पाटाला भोकंच भोकं. "खाण्याचं काम हाय, तुलाच शोभंल रं," काका म्हणाले होते. आज माझं पोट पाहता त्यांची पारख मान्य करावी लागते.

त्यांची लेक चंद्री घरात सगळ्यांत धाकटी. तिच्या पाटावर एक काळी, वाकडी रेघ होती. ते झाड कधीकाळी वणव्यात होरपळलेलं. "जळलं, पण मेलं नाय," काका तिला सांगत, "म्हणून तर तुला दिलंय गं." चंद्री ताकात बोट बुडवून ती रेघ गिरवायची. त्या पाटावर दुसरं कुणी टेकलं, की हिचं जेवण बंद.

प्लेगात चंद्री बघता बघता गेली. मेलेल्याचं सगळं जाळायचा हुकूम होता. तालुक्याचा शिपाई आमच्या पाटलांना घेऊन दारात आला. काकूने गोधडी, परकर, चिंध्यांची बाहुली अंगणातल्या आगीत टाकली. शिपायाचं लक्ष भिंतीला टेकवलेल्या पाटांकडे गेलं.

"यात पोरीचा कुठला?"

काका उठले, स्वतःचा पाट उचलला आणि आगीत ठेवला. पाटील आमच्या पंक्तीला कितीदा तरी जेवलेले. कुणाचा पाट कुठला, हे त्यांना पक्कं ठाऊक. ते ज्वाळांकडे बघत राहिले. मग शिपायाला म्हणाले, "जळला. चला."

त्यानंतर काका जमिनीवरच जेवायला बसत, चंद्रीच्या पाटाकडे तोंड करून. मोठेपणी मी त्यांना एक पाट करून दिला. माझ्या हातचा, तेव्हा डगमगता. त्यांनी त्यावरून हात फिरवला. "लाकूड मुकंच हाय. खोड हाय ती तुझ्या हाताची," म्हणाले. बसले मात्र नाहीत.

ते गेले तेव्हा तिरडी उचलताना काकू आतून चंद्रीचा पाट घेऊन आली. माझ्या हातात देत म्हणाली, "सरणावर ठेव. ह्यो जाळायचा राहिलाय."

आता आमच्याकडे कर्जतच्या बाजारातले पाट आहेत. गुळगुळीत, सगळे सारखे. कुणीही कुठेही बसतं.