आऱ्याच्या आवाजातून वाचलेले कान

देवाजीभाऊ गेल्याची बातमी मोहर्लीच्या गेटवर आली, तेव्हा मी सकाळची फेरी संपवून पर्यटकांना उतरवत होतो. त्यांच्या मुलीचा, सुषमाचा, फोन होता. "बाबा झोपेतच गेले... तुमचं नाव नेहमी काढत होते." त्याला आता दीड महिना झाला. गेली दहा वर्षं मी ताडोब्यात गाइड आहे, आणि हे काम मला करता येतं ते देवाजीभाऊंमुळे. जंगलात वाघ डोळ्यांआधी कानांना कळतो. माझे कान त्यांनी वाचवले.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नागभीडजवळच्या एका आरामशीनवर, म्हणजे लाकूड चिरायच्या कारखान्यात, मी कामाला लागलो. देवाजीभाऊ तिथले मिस्त्री. सागवानाचं लाकूड आऱ्याला लागलं की असा कर्कश आवाज निघायचा की शेजारच्याशीही खुणांनी बोलावं लागे. भाऊ घरीही मोठ्यानं बोलत. त्यांना राग फार, असं आम्ही समजायचो. कान खाजला की ते आगकाडी फिरवत, कधी कोमट तेल सोडत, आणि "मळ भरला असन," म्हणून विषय संपवत.

एका दुपारी रचलेल्या ढिगावरून एक ओंडका सुटला. भाऊ पाठमोरे होते, आरा नेमका बंद होता. मी जीव खाऊन ओरडलो, "भाऊ, सरका!" त्यांनी मान वळवली नाही... मी धावत जाऊन त्यांना ओढलं. ओंडका त्यांच्या पायातून निसटलेल्या चपलेवरून गेला. बराच वेळ ते चपलेकडेच बघत बसले. मग म्हणाले, "तू वरडला होतास?"

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना चंद्रपूरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. मळ नव्हताच. डॉक्टर कानाशी येऊन, सावकाश म्हणाले, "बारीक आवाज आधी जातात, तसे तुमचे गेलेत. गेलेलं ऐकणं परत येणार नाही. राहिलंय ते आवाजापासून जपा. आणि काडी, तेल बंद."

परतीच्या एसटीत भाऊ माझ्या शेजारीच बसले होते. मूल गाव मागे पडल्यावर त्यांनी अचानक विचारलं, "संध्याकाळी घरी गेल्यावर तुह्या कानात शिट्टी वाजते का?"

"वाजते," मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो. "सकाळपर्यंत राह्यत नाई पण."

"माहं बी असंच सुरू झालं होतं," ते म्हणाले. "मले कोणी विचारलं नाई."

त्या आठवड्यात ते पुन्हा एकटेच चंद्रपूरला गेले आणि कान पूर्ण झाकणारी जाड टोपणं घेऊन आले. एकच जोड. ती त्यांनी माझ्या डोक्यावर बसवली. मग मालकाला सांगितलं, "सगळ्यायले अशी आणा. तोवर आरा चालू होत नाई."

मालक भडकला. आमच्यातलेही काही हसले, काही घाबरले. भाऊंची नोकरी जाईल असंच सगळ्यांना वाटत होतं. ते आऱ्यापाशी मांडी घालून बसून राहिले. त्यांच्याइतका सरळ आरा चालवणारा दुसरा मिस्त्री आसपास नव्हता. तिसऱ्या दिवशी टोपणं आली. मग भाऊंनी पाळ्याही लावल्या, थोडा वेळ आऱ्यावर की थोडा वेळ बाहेर लाकडांच्या रचाईवर. महिनाभरात माझ्या कानातली शिट्टी थांबली. लग्नाच्या वरातीतही ते लेकरांना हाताला धरून स्पीकरपासून लांब नेत. लोक चिडवायचे. त्यांना ते ऐकू येत नव्हतं, की ते ऐकून सोडून देत होते, कोण जाणे...

पुढे सुषमानं त्यांना श्रवणयंत्र घेऊन दिलं. गेल्या हिवाळ्यात मी दोघांना जंगलात नेलं. पाणवठ्याजवळ गाडी बंद केली. वाघाची चाहूल लागल्यावर चितळ देतं ती बारीक, टोकदार हाक आली. मी बोटानं दिशा दाखवली. भाऊंना काहीच कळलं नव्हतं. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"तुले आयकू आलं?"

"आलं, भाऊ."

"मंग झालं."

आणि तेवढ्यात पलीकडच्या बांबूतून सांबराची जाड, घुमणारी हाक उठली. मी वळायच्या आत भाऊंचं बोट वर गेलं होतं. लहान मुलासारखे हसत, सुषमाचा हात दाबत ते कुजबुजले. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना कुजबुजताना ऐकत होतो.

"हे मले आलं... हे मले आलं बरं का!"