माणिकपूर ते वटार, किल्ल्यासकट

लोक किल्ला बघायला प्रवास करतात. आम्ही किल्ला घेऊन केला. अंतर वसईतल्या वसईत जेमतेम दहा-बारा किलोमीटर, वाहन टेम्पो, वेळ साडेचार तास. दिवाळीतला मातीचा किल्ला तिसऱ्या मजल्यावरून उतरवून दुसऱ्या गावी न्यायची वेळ तुमच्यावर आली तर हे वाचून ठेवा. येणार नाही असं वाटत असेल तरी वाचा. आम्हालाही तसंच वाटत होतं.

आधी किल्ला तिसऱ्या मजल्यावर गेलाच कसा, ते सांगते. दरवर्षी आम्ही सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात किल्ला करायचो. यंदा तिथे पेव्हर ब्लॉक बसले आणि ‘आवारात माती आणू नये’ असा कागद लिफ्टमध्ये लागला. माझा नवरा संजय मूळचा साताऱ्याकडचा. किल्ल्याशिवाय दिवाळी म्हणजे त्याच्या मते नुसतीच सुट्टी. त्याने चार फूट बाय चार फूट प्लाय आणला, हॉलमध्ये सोफ्याच्या जागी टाकला आणि सोफा बेडरूममध्ये उभा करून ठेवला. माती आली वटारहून. माझी ऑफिसातली मैत्रीण सुनीता तिथली. तिच्या सासूबाईंच्या केळीच्या वाडीतून तिने सहा गोण्या पाठवल्या.

किल्ला बांधला तो मुक्ताने. मुक्ता आमची मुलगी, नववीत आहे. गेलं वर्षभर तिचं माझ्याशी बोलणं ‘हं’, ‘माहीत नाही’ आणि ‘दार लाव’ एवढ्यावर आलं होतं. किल्ला सुरू झाला आणि पोरगी अख्खी वाक्यं बोलायला लागली. ‘आई, बुरूज गोल हवा, वडा नको.’ ‘आई, अळीव इतका दाट पेरतात का?’ मी रोज सहा वाजता घरी पोचायचे, साडी खोचून जमिनीवर बसायचे आणि तिची बोलणी खायचे. इतकी गोड बोलणी मी वर्षभरात खाल्ली नव्हती.

दिवाळी संपली. तुळशीचं लग्न झालं. किल्ला मोडूया असं मी म्हटलं नाही, तिनेही म्हटलं नाही. अळीव टीचभर उंच झाला. संजय हॉलमधून स्वयंपाकघरात जाताना पोट आत ओढायला शिकला. खरं सांगते, मला भीती वाटत होती. किल्ला गेला की ही परत खोलीचं दार लावून घेईल आणि मी बाहेर उभी राहून ‘जेवायला येतेस का?’ विचारत बसेन, ही भीती.

मग एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे पेडणेकर काका वर आले. चेहरा अगदी शांत. म्हणाले, “वहिनी, तुमचा गड आमच्या झुंबरातून गळतोय.”

किल्ल्यावर मुक्ताने पाण्याचं टाकं केलं होतं. ते मी रोज भक्तिभावाने भरत होते. ते रोज रिकामं कसं होतं, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. सेक्रेटरींनी रविवारपर्यंतची मुदत दिली. मी ऑफिसात सुनीतापुढे जवळजवळ रडले. ती म्हणाली, “आमच्याकडे आण की. आईंना गोठ्याला माती लागतेच.” गोठा म्हणजे नाताळात बाळ येशूच्या जन्माचा देखावा करतात तो. “पण आहे तसाच आणीन हं,” मी म्हटलं. सुनीताने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि “बरं,” म्हणाली. वटारची माती महिनाभर माणिकपूरला राहून, डोक्यावर तटबंदी चढवून, माहेरी परत निघाली.

रविवारी सकाळी आठला निघायचं ठरलं. संजयने लिफ्ट मोजली, जिना मोजला, टेम्पोचा हौदा फोनवरून मोजून घेतला. सगळीकडे किल्ला बसत होता. मग आम्ही तिघांनी आणि एका शेजाऱ्याने तो उचलला आणि आमच्याच घराच्या दारात अडकलो. दार तीन फुटांचं. प्लाय आत येताना उभा आला होता. किल्ला उभा करून बाहेर जात नाही, ही गोष्ट चौघांच्याही एकदमच लक्षात आली.

समोरच्या इमारतीत सुताराचं काम चालू होतं. त्याला बोलावलं. त्याने किल्ला बघितला, करवत खाली ठेवली आणि हात जोडले. “आधी महाराजांना उतरवा. ते बसलेले असताना मी करवत लावणार नाही.” बरोबरच होतं त्याचं. मुक्ताने महाराजांची मूर्ती सिंहासनासकट उचलून देवघरात ठेवली, मग गडाच्या दोन तुकड्यांचं काम सुरू झालं. इतिहासात कुठल्याच वेढ्यात हे घडलं नसेल. करवत माचीतून जाताना मुक्ता म्हणाली, “हळू, तिथे बाजारपेठ आहे.” सुतार म्हणाला, “दुकानं उचलून घ्या ताई.”

टेम्पोवाले हरेश्वरदादा खाली तासभर थांबले होते. ते खाडीकाठच्या भातशेतीच्या गावातले. किल्ल्याचे दोन अर्धे बघून त्यांनी विचारलं, “सामान म्हनून नेऊ का देव म्हनून?”

“काय फरक पडतो?” संजयने विचारलं.

“देव असला तर हळू चालवतो.”

“किल्ला आहे हो.”

“मग मधलं चालवतो,” ते म्हणाले. भाडंही त्यांनी मधलंच घेतलं, अकराशे.

संजय पुढे बसला, मी आणि मुक्ता मागे हौद्यात. (हे करू नका. ओल्या मातीवर साडेचार तास बसून माझ्या साडीचं जे झालं ते बघून धोब्याने ती तशीच परत केली.) मुक्ताच्या मांडीवर महाराज, माझ्या हातात स्प्रेची बाटली. माती सुकली की तडे जातात, म्हणून मी दर दोन मिनिटांनी पाणी मारत होते. आरशातून बघून हरेश्वरदादा ओरडले, “म्याडम, किती पानी मारता! आनखी मारलंत तर गाडीत भातच लावू!”

माणिकपूरच्या नाक्यावर रिक्षावाल्यांनी गराडा घातला. कुठला गड, यावर तिथेच दोन तट पडले. एक म्हणे प्रतापगड, दुसरा म्हणे राजगड, कापलेला आहे म्हणून ओळखू येत नाही. मुक्ता वरून म्हणाली, “कुठलाच नाही, माझा आहे.” एका आजींनी विसर्जन आहे का विचारलं आणि उत्तराची वाट न बघता झेंडूचं फूल वाहिलं. मागे दहा-बारा स्कूटर हॉर्न वाजवत होत्या. एकाने पुढे येऊन संजयला विचारलं, “मिरवणूक कुठपर्यंत आहे?”

पापडी गावात तर कहर झाला. नोव्हेंबरचा शेवट वसईतल्या गावांतून फिरायला सुंदर, बागा हिरव्यागार, हवा बरी. पण एक लक्षात ठेवा: आगमनकाळ लागला की नाताळपर्यंत ख्रिस्ती घरांत लग्नं होत नाहीत. त्यामुळे त्याच्या आधीच्या रविवारी ज्याला त्याला लग्न उरकायचं असतं. चर्चच्या रस्त्याला वळलो तर पुढे बँडवाले, मागे वऱ्हाड, मध्ये आमचा टेम्पो. लाल कोटातले एक काका हौद्याला हात टेकून चालू लागले.

“कोणाकडून?” त्यांनी विचारलं.

“आम्ही वटारला चाललोय,” मी म्हणाले.

“मग मुलीकडचे! आमचेच की!” असं म्हणून त्यांनी बँडला हात केला आणि आम्हाला थेट बँडच्या मागे घेतलं. मी दोनदा सांगायचा प्रयत्न केला. ट्रम्पेटपुढे कोण ऐकतंय? पाऊण तास आम्ही त्या लग्नात होतो. पोरं टेम्पोभोवती नाचत होती, ढोल वाजला की एकेक पायरी निसटत होती आणि मी दोन्ही हातांनी बालेकिल्ला धरून हसऱ्या चेहऱ्याने बसले होते, कारण व्हिडिओ काढणारा सारखा माझ्यावरच येत होता. त्या जोडप्याच्या लग्नाच्या व्हिडिओत मी जन्मभर असणार आहे. निघताना लाल कोटवाल्या काकांनी कागदात बांधून फुगे दिले. फुगे म्हणजे तळलेले, गोल, आतून पोकळ, किंचित गोडसर पाव. गरम मिळाले तर सोडू नका. हरेश्वरदादांनी एकट्याने सहा खाल्ले.

पुढे गिरीजवरून आतल्या रस्त्याने निर्मळकडे वळलात तर प्रवासातला सर्वात देखणा तुकडा लागतो. दोन्ही बाजूंना वाड्या, केळी, फुलशेती, विहिरींवर पंपांचा आवाज. आणि गतिरोधक. गतिरोधकांची मी शपथेवर यादी देऊ शकते, कारण प्रत्येकाला आमचं काही ना काही पडलं. पहिल्याला महादरवाजा. दुसऱ्याला दोन बुरूज. निर्मळच्या तळ्याजवळ एक आहे, रंग न मारलेला. तो हरेश्वरदादांना दिसला नाही. टेम्पो उडाला, खाली आला आणि अख्खा बालेकिल्ला माझ्या मांडीवर बसला.

मी स्प्रेची बाटली फेकली. हरेश्वरदादांवर ओरडले, संजयवर ओरडले, गतिरोधक बांधणाऱ्यावरही ओरडले. मग मला रडूच आलं. भर रस्त्यात, मांडीवर मातीचा ढीग घेऊन, एक्केचाळीस वर्षांची बाई.

“आई, काय झालं? माती आहे ती,” मुक्ता म्हणाली.

“आता तू परत बोलायची नाहीस माझ्याशी,” मी म्हणाले. म्हणायचं नव्हतं. निघून गेलं तोंडातून.

मुक्ताने मांडीवरचे महाराज नीट सरळ केले. मग म्हणाली, “मला दिवाळीनंतर दोन दिवसांतच बोर झाला होता किल्ला.”

“मग मोडूया असं का म्हणाली नाहीस?”

“तू रोज सहाला येत होतीस. पाणी घालायला.” ती रस्त्याकडे बघत बोलत होती. “एरवी नऊ वाजतात तुला. आलीस की फोनवर. म्हटलं, राहू दे किल्ला.”

मी तिच्यासाठी किल्ला जपत होते आणि ती माझ्यासाठी, आणि दोघींच्या जपण्याचं पाणी महिनाभर पेडणेकर काकांच्या झुंबरात जमत होतं. तेवढ्यात पुढच्या खिडकीतून संजयचं डोकं बाहेर आलं. सगळं ऐकलं होतं त्याने.

“म्हणजे हा किल्ला कुणालाच नको होता?”

“नाही,” आम्ही दोघी एकदम म्हणालो.

“मी महिनाभर उभ्या सोफ्याला टेकून झोपलोय!” तो म्हणाला. हरेश्वरदादा इतके हसले की त्यांना टेम्पो कडेला घ्यावा लागला. मग आम्हीही हसलो, आणि उरलेल्या अर्ध्याचा तट त्या हसण्यात गेला.

वटारला दीड वाजता पोचलो. सुनीताच्या सासूबाई, कॅथरीन मावशी, अंगणात वाट बघत होत्या. घरात त्या आपल्या बोलीत बोलतात, त्यातलं मला निम्मं कळतं. माझ्याशी मात्र साधं मराठी बोलल्या. टेम्पोत डोकावून त्यांनी ढीग बघितला, अळिवाचे झुबके बघितले आणि समाधानाने मान हलवली.

“डोंगर छान केलाय गं बाय. किती मेहनत घेतलीस.”

डोंगर उतरवून आंब्याखाली लावला. मावशींनी त्याला एक हात मारून एका बाजूला गुहा केली, दुसऱ्या बाजूला वाट. सहा गोण्यांचं काम त्यांनी दहा मिनिटांत केलं. ढिगातून निघालेले मातीचे मावळे मुक्ता धुऊन ओट्यावर मांडत होती. मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या.

“हे ठेवून जाता का? माझ्याकडे मेंढपाळ दोनच उरलेत. मेंढ्या आहेत चौदा.”

मुक्ताने गंभीरपणे विचार केला. तलवारवाले देता येणार नाहीत, ती म्हणाली, पण भालेवाल्यांच्या भाल्याचं टोक काढलं तर काठी होते. पाच मावळे मेंढपाळ म्हणून रुजू झाले. जेवायला भात, वालाची भाजी, तळलेली मांदेली आणि वाडीतली वेलची केळी होती. निघताना मावशींनी नाताळात गोठा बघायला यायचं वचन घेतलं आणि केळ्यांचा फणा हातात दिला. परत येताना टेम्पो रिकामा होता, अर्धा तास लागला.

घरी आल्यावर सोफा जागेवर आला. हॉल एवढा मोठा होता हे विसरूनच गेलो होतो. फरशीवर एक चौकोनी डाग राहिलाय, तो ॲसिडनेही जात नाही. महाराज देवघराशेजारच्या फळीवर आहेत. एवढ्या साडेचार तासांच्या प्रवासाने काय दिलं असं कुणी विचारलं तर सांगायला माझ्याकडे फारसं नाही, आणि जे आहे ते मला अजून नीट झेपलेलं नाही. मी पोरगी गप्प झाली म्हणत होते. घरी कोण नव्हतं, हे मी मोजलंच नव्हतं.

सोमवारी साडेचारला ऑफिसातून निघायला लागले तर साहेबांनी मान वर केली. महिनाभर मी त्यांना ‘किल्ल्याला पाणी घालायचंय’ सांगून निघत होते, आणि तेही बिचारे सोडत होते.

“आज थांबाल ना? किल्ला तर गेला म्हणे.”

“नाही सर,” मी म्हणाले. “मुलगी आहे घरी.”

सहाला पोचले. मुक्ता हॉलमध्ये जमिनीवरच बसली होती, सोफा असून. दोन्ही कानांत इयरफोन, पुढ्यात भूमितीची वही. मी साडी खोचून तिच्या डाव्या बाजूला बसले. तिने वहीतून मान वर केली नाही. नुसता डाव्या कानातला इयरफोन काढून ठेवला.