राज्यावर डोळा

आयर्लंडमधल्या नावनला राहायला आल्यावर दुसऱ्याच वर्षी मी तिथल्या हौशी नाटक मंडळात जायला लागले. पुण्यात कॉलेजच्या एकांकिकांमध्ये मी कायम विंगेत असायची. एकदा तरी रंगमंचाच्या मधोमध उभं राहायची हौस तशीच राहून गेली होती.

त्या वर्षी मंडळाने इंग्लंडच्या राजांवरचं एक जुनं नाटक घेतलं होतं. राज्यावर डोळा ठेवून असलेल्या सरदाराचं मुख्य काम एका निवृत्त पोस्टमनकडे होतं. सत्तरी ओलांडलेले, आवाज मात्र खणखणीत. माझ्याकडे प्रॉम्प्टिंग होतं.

वही धरून बसता बसता सरदाराचं सगळं काम मला पाठ झालं. ते पोस्टमन आजोबा मात्र अडखळायला लागले होते. खरं सांगायचं तर ते अडले की मला आतून बरं वाटायचं, आणि शब्द द्यायला मी जरा उशीरच करायची.

प्रयोग महिन्यावर आला तेव्हा दिग्दर्शिकेने मला बाजूला घेऊन विचारलं, हे काम तू करशील का. मी लगेच हो म्हटलं. घरी आल्यावर मात्र मुद्दाम उशिरा दिलेला एकेक शब्द आठवत राहिला.

रविवारी दुपारी मी आजोबांच्या घरी गेले आणि उशीर मुद्दाम करत होते हे सांगून टाकलं.

"मला कळलं होतं," ते म्हणाले. "ज्याला मुकुट खरंच हवा असतो ना, तो मुकुटाकडे बघतच नाही. तू महिनाभर वहीतून मान वर काढली नाहीस. स्टेजवरही तेच कर."

मी माफी मागितली. "ग्रँड," म्हणजे तिथल्या बोलीत 'ठीक आहे', एवढंच म्हणाले आणि माझी तालीम घ्यायला, सरदार ज्याचं राज्य घेतो त्या म्हाताऱ्या राजाचे संवाद वाचायला लागले. प्रयोगापर्यंत दर रविवारी आम्ही तसेच बसलो.

प्रयोगात त्यांनी निरोप्याचं छोटं काम घेतलं. माझ्यापुढे गुडघा टेकल्यावर त्यांना उठता येईना. तालमीत नव्हतं, तरी मी सिंहासनावरून उतरून हात दिला. प्रेक्षकांना ते नाटकातलंच वाटलं.

पुढे ते लेकीकडे शॅननला गेले, मी डब्लिनजवळ क्लोनडॉकिनला आले. इथेही नाटकं होतात, कामं मिळतात. पण मला आठवतात त्या चार रविवारच्या दुपारी. मी त्यांचं राज्य घ्यायची, आणि हरलेला राजा उठून चहाला पाणी ठेवायचा.