चार शहात्तरचे साडेसात

"तुमचं लग्न सतराला झालं, पोरगं चोवीसला झालं, आन् सासरे गेले ते एकतीसला. बराबर का न्हाई?"

जिन्यात बसून मी हे ऐकत होते. दुकानात आलेल्या बाई परकराचं कापड हातात धरून हबकून उभ्या होत्या. लग्न वीस तारखेला झालं होतं, असं त्या हळूच म्हणाल्या. काकांनी मान हलवली. ते तारखा सांगतच नव्हते. तेव्हा डॉलर किती रुपयांना होता, ते सांगत होते.

आमच्या घराखालच्या या कापडवाल्या काकांइतका डॉलर जगात कुणालाही पाठ नसेल, आणि त्यांच्याइतका कमी कुणी पाहिलाही नसेल. त्यांचे पणजोबा राजस्थानातून कुंभार पिंपळगावला आले, आणि काका मात्र जालन्याच्या पुढे फारसे गेलेले नाहीत. पण रोजचा भाव ते आधी रेडिओवर, मग पेपरात आणि आता नातवाच्या फोनवर बघत आले आहेत. तारीख, महिना, साल त्यांच्या डोक्यात टिकत नाही, भाव टिकतो. दुकानात कॅलेंडर नाही. मी इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे एकोणसत्तर म्हणजे सिक्स्टी नाइन हे मला शाळेत नाही, काकांच्या गल्ल्यापाशी कळलं. मागच्या वर्षी मला बघायला पाहुणे आले, तेव्हा काका पाण्याचा जार घेऊन वर आले आणि कौतुकानं म्हणाले, "आमची ही सत्तेचाळीसची, पण अजून लाजती." मुलाच्या आईच्या हातातला पोहे भरलेला चमचा तसाच थांबला. आईनं खुलासा करेपर्यंत मुलाच्या वडिलांनी चपला घातल्या होत्या. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. ते मी कुणाला सांगितलं नाही.

रुपया घसरला की काका शटर अर्धं ओढून घेतात. का, ते गिऱ्हाइकाला समजत नाही. बिचारी माणसं वाकून आत येतात आणि कोण गेलं म्हणून विचारतात. डॉलर ऐंशीच्या पुढे गेला त्या दिवशी काका जेवलेच नाहीत. काकू वर येऊन आईला म्हणाल्या, "रुपया पडला तं पडला, माझी खिचडी कोणी खायाची?" पुण्याच्या भाच्यानं एकदा खरी डॉलरची नोट दाखवायला आणली. काकांनी चष्मा चढवला, लांबूनच पाहिली, "एवढाच?" म्हणाले आणि पुन्हा मीटर हातात घेऊन कापड मोजू लागले. नोटेला हात लावला नाही.

यंदा मे महिन्यात शाळेच्या हेडमॅडम शिपाई अक्कांना घेऊन दुकानात आल्या. अक्का गावाबाहेरच्या धनगरवस्तीवरच्या. उंच, सडसडीत, हात इतके लांब की शाळेची घंटा स्टुलावर न चढता वाजवतात. महिनाअखेर त्यांना साठ पूर्ण म्हणून निरोप द्यायचा होता आणि सत्काराची साडी त्यांच्याच पसंतीनं घ्यायची होती. अक्का साडीकडे बघतच नव्हत्या. धाकटीच्या नर्सिंगची दोन वर्षं राहिली होती आणि घरात पगार त्यांचा एकटीचाच.

काकांनी कारण विचारलं. मॅडमनी सांगितलं. काकांच्या हातातून साडी गादीवर पडली.

"साठ? कोणाला साठ? ही साडेसातची हाय."

मग त्यांनी जे सांगितलं, ते ऐकून मी जिन्यातून उठून दारात आले. काका तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. डॉलर वर्षानुवर्षं चार रुपये शहात्तर पैशांवर बसलेला. एका सकाळी रेडिओनं सांगितलं की आजपासून साडेसात. काकांच्या वडिलांचा आणि डॉलरचा काही संबंध नव्हता, तरी ते कपाळाला हात लावून बसले. तेवढ्यात त्यांच्या रानात मेंढरं बसवलेला धनगर आला. पहाटे मुलगी झाली होती, तिला गुंडाळायला कापड हवं होतं. "बापूजीला भाव काय सांगावा हेच कळंना," काका म्हणाले. "मंग अख्खं धोतर फुकट देऊन टाकलं. तसं त्यांनी आधी कधी केलं न्हाई, नंतर बी न्हाई. ती पोरगी म्हंजे ही."

डॉलर साडेसातला कधी गेला ते मी फोनवर शोधलं आणि स्क्रीन काकांपुढे धरली. त्यांनी अडखळत वाचलं: सहा जून एकोणीसशे सहासष्ट. अक्कांच्या नोकरीच्या कागदावर होतं एक जून चौसष्ट, मॅडम म्हणाल्या.

मग त्या चकित होऊन हसल्या. दोन वर्षं गेली कुठे? ते अक्कांनीच खाली बघत सांगितलं. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की मूल सहा वर्षांचं, असं तेव्हाचे गुरुजी धरायचे. भावाला शाळेत घालायला वडील गेले, तेव्हा चार वर्षांच्या अक्का बरोबर होत्या. त्यांनी गंमत म्हणून कान धरला. गुरुजींनी दोघांचीही नावं घातली, जन्मतारीख एक जून लावून.

"माझ्या सासू-सासऱ्यांची दोघांचीबी एक जूनच आहे," मॅडम म्हणाल्या. "पण काका, डॉलरच्या आठवणीवर जन्मतारीख बदलायचा अर्ज कोण घेणार? म्हाताऱ्या माणसाची आठवण ती. खरी कशावरून?"

काका साडीची घडी घालत राहिले, एकदा मोडून पुन्हा. इतकी वर्षं सगळं गाव त्यांना भाव विचारून हसत आलं होतं. तो भाव खरा का, हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. आज पहिल्यांदा विचारलं आणि त्यांच्याजवळ दाखवायला काहीच नव्हतं. अक्का म्हणाल्या, राहू द्या शेठ, चांगली निळी दाखवा एखादी. काकांनी साडी कपाटात ठेवली आणि म्हणाले, "ही दोन वर्षांनी विकीन." पण आवाजात जोर नव्हता.

अनोळखी माणसांपुढे माझा आवाज फुटत नाही. कॉलेजात हजेरीला मी हात वर करायचे. पण आता बोलले, आणि माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

"मॅडम, मी आठ वर्षांपासून काकांचा प्रत्येक भाव मोबाइलवर तपासून बघते. ते दोनदाच चुकलेत, तेही दहा पैशांनी. अर्ज मी लिहिते, साक्षीदार म्हणून काकांचं नाव घालते, आणि उद्या सकाळी तुमच्या टेबलावर आणून ठेवते."