काटा डाव्या हातात

सिंगापूर. एप्रिलमधला शनिवार, संध्याकाळी साडेसहा. हजर चौघं: नवरा, त्याचा मित्र, आमची लेक आणि मी. मित्राच्या बायकोला मुद्दाम बोलावलं नव्हतं. तसं तिला आधीच फोनवर सांगितलं होतं आणि जेवढे डोळे कमी तेवढं बरं, हे कारण तिला पटलंही होतं.

वर्षभरापूर्वी नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. चालणं परत आलं, बोलणं परत आलं, उजव्या हाताची बोटं काही आली नाहीत. तेव्हापासून तो डाव्या हाताने जेवतो आणि म्हणून माणसांत जेवत नाही. लेकीच्या मैत्रिणी घरी आल्या तरी ताट उचलून आत जातो. या मित्राच्या बिशानमधल्या घरी सत्यनारायण होता. प्रसाद पुढे आला तेव्हा उजवा हात उचलला गेला नाही आणि डावा त्याने पुढे केला नाही. "पोट बिघडलंय," म्हणाला आणि आम्ही उठून आलो. हे दोघं जुरोंग आयलंडच्या कंपनी बसमध्ये वर्षानुवर्षं शेजारी बसले, दुपारी एकमेकांच्या डब्यातलं जेवले. त्या दिवसानंतर मात्र मित्राचा फोन वाजायचा आणि हा तो वाजू द्यायचा. हे असं चालू ठेवायचं नाही, हे मी ठरवलं.

उपाय माझ्या ऑफिसच्या एका जेवणात सापडला. समोर एक फ्रेंच गृहस्थ बसले होते. त्यांच्या उजव्या हातात सुरी होती आणि घास जात होता तो डाव्या हातातल्या काट्याने. शेवटपर्यंत डाव्याच. मग मी एक जुन्या पद्धतीचा फ्रेंच बिस्ट्रो शोधला आणि फेब्रुवारीत दुपारी एकटी जाऊन बघून आले. दारात पायरी नाही. खुर्च्यांना हात आहेत. घाई कोणी करत नाही. वाइनमध्ये शिजवलेली कोंबडी इतकी मऊ, की सुरी लागतच नव्हती. नवऱ्याला सांगितलं, "तिथे सगळे डाव्या हाताने खातात."

"सगळे?"

"सगळे. मी बघून आले."

एप्रिलच्या त्या संध्याकाळी भिंतीवरच्या फळ्याकडे पाहिलं तर कोंबडी गायब. वेट्रेसला विचारलं.

"ती हिवाळ्यातली होती," ती गंभीरपणे म्हणाली. बाहेरच्या उकाड्यात आमचे कपडे घामाने अंगाला चिकटले होते. सिंगापुरात ऋतू नाहीत. त्या बिस्ट्रोत मात्र होते, विमानाने येणारे, आणि मी ते हिशेबात धरले नव्हते. आता वसंत होता. आधी आर्टिचोक, मग मटाराबरोबर शिजवलेलं कोकराचं मटण. आर्टिचोक ही एक भाजी, एवढंच मला माहीत होतं. भाजी म्हणजे मऊ, असं धरून मी मान हलवली.

प्रत्येकापुढे एकेक हिरवा, खवल्याखवल्यांचा गड्डा आला. बरोबर वितळलेलं लोणी. आणि बोटं धुवायला लिंबू घातलेलं पाणी. काटा नाहीच. हे हाताने खायचं होतं. नवऱ्याने ते वाटीभर पाणी पाहिलं आणि डावा हात टेबलाखाली नेला.

"याच्यासाठी सूप सांगते," मी उठायला लागले.

"आई, सिट डाउन ला," लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत, दबक्या आवाजात म्हणाली.

तेवढ्यात मित्राने एक पाकळी तोडली, लोण्यात बुडवली आणि अख्खी तोंडात टाकली. चावतोय, चावतोय, चावतोच आहे. डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडातला चोथा बाहेर कुठे टाकावा ते त्याला कळेना.

"वहिनी," तो कसाबसा म्हणाला, "ही भाजी आहे की सुतळी?"

"अरे गाढवा, चावतोस काय!" नवरा म्हणाला. "शेवग्याची शेंग कशी खातोस? दातांत धर आणि ओढ."

"म्हणजे कसं?"

"असं." आणि डावा हात टेबलावर आला. त्याने पाकळी टोकाशी धरली, बुडवली, दातांतून ओढली, गर आत आणि साल ताटाच्या कडेला. मग दुसरी. मित्राने नॅपकिनमध्ये तोंड मोकळं केलं आणि त्या हाताकडे नीट बघितलं.

"हात डावा झाला," मित्र म्हणाला, "पण मास्तरकी तीच."

"तुझ्यासारखा विद्यार्थी असल्यावर काय करणार?"

मग चौघंही पाकळ्या ओढण्यात गुंतलो. सगळ्यांचा वेग सारखाच, म्हणजे संथ. ताटांच्या कडेला शेवग्याच्या आमटीनंतर चोथ्याचा पडतो तसा ढीग. तळाशी खरा गर असतो, त्यावर केसांसारखा थर, आणि तो चमच्याने खरवडावा लागतो. त्यासाठी दुसऱ्या हाताने गड्डा धरायला हवा. सवयीने माझा हात पुढे गेला. पण नवऱ्याने आपलं ताट मित्राकडे सरकवलं.

"धर जरा."

मित्राने दोन बोटांनी गड्डा घट्ट धरला. ह्याने डाव्या हाताने खरवडला.

"अर्धा माझा," मित्र म्हणाला.

"तुझा तुझ्या ताटात आहे."

"तुझा जास्त स्वच्छ निघालाय."

आणि डब्यातलं उचलायचा तसा त्याने अर्धा उचलला. मटण आलं तेव्हा काटे ठरल्याप्रमाणे डाव्या हातांत होते, पण त्याकडे आता कोणाचं लक्ष नव्हतं.

मेट्रोच्या, म्हणजे एमआरटीच्या स्टेशनकडे चालताना मित्र म्हणाला, "तोआ पायोहला हॉकरमध्ये फिश सूप. रविवारी. आपण दोघंच. फोन कर."

"बघू," नवरा म्हणाला.

फ्रेंच टेबलावर जमलं ते हॉकर सेंटरच्या गजबजलेल्या खाऊगल्लीत जमेलच असं नाही. तिथे जागेसाठी लोक पाठीशी उभे राहतात आणि डाव्या हातातल्या चमच्याला काट्याची सबब नसते. साडेअकराच्या आत गेलं तर कोपऱ्यातलं टेबल मिळतं, तेही मी बघून आले आणि त्याला सांगून ठेवलं. त्यापुढे काही करणार नाही. फोन त्यानेच करायचा आहे. दोन रविवार गेले. फोन व्हायचाय.