चार कोपऱ्यांचा रुमाल

शुक्रवारची ओपीडी आटोपली, की आमचे डॉक्टर खिशातून पांढरा रुमाल काढायचे आणि त्याच्या कोपऱ्यांना गाठी मारत बसायचे. ठरलेल्या दिवशी न आलेल्या प्रत्येक पेशंटमागे एक गाठ. तो माणूस भेटला, की गाठ सोडायची.

"त्यापेक्षा एक वही करा की," मी म्हणायचो.

"वही मिटून ठेवता येते, भाऊसाहेब. रुमाल दिवसातून दहादा हातात येतो."

"आणि पाचवा पेशंट आला नाही तर?"

ते हसले नाहीत. "एका आठवड्यात चारांपेक्षा जास्त माणसं हरवू द्यायची नाहीत."

सिल्वासातल्या आमच्या दवाखान्यात मी क्लार्क होतो. केसपेपर, टपाल, हजेरीपत्रक, सगळं माझ्याकडे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जवळच्या मसाटला कंपन्या उभ्या राहत होत्या आणि धुळे-जळगावकडची माणसं एकेका खोलीत आठ-आठ जण राहत होती. डॉक्टर मुंबईहून आलेले. मन बिघडलेल्या माणसांवर उपचार करायचं शिक्षण त्यांनी शिष्यवृत्तीवर घेतलं होतं. अट एकच, की शिकून झाल्यावर तीन वर्षं अशा ठिकाणी काम करायचं जिथे दुसरं कोणी जात नाही. एकाची मुदत संपली की त्याच्या जागी पुढचा विद्यार्थी यायचा, अशी योजना. आम्ही मागून त्यांना 'बाँडवाले' म्हणायचो. कैद्याची शिक्षा मोजावी तसे त्यांचे उरलेले महिने मी त्यांना तोंडावर सांगायचो, आणि ती थट्टा त्यांनी कधी मनावर घेतली नाही.

त्यांची दुसरी सवय मला फार जाचायची. पेशंट समोर बसला, की खिशातलं पेन काढून टेबलावर, हातापासून लांब ठेवायचं. "आता सांगा," असं हळू आवाजात म्हणायचं आणि नुसतं ऐकायचं. केसपेपर ते नंतर, खानवेलला जाताना बसमध्ये लिहायचे. तो रस्ता तुम्ही पाहिला असता तर त्यांचं अक्षर कसं असेल हे वेगळं सांगावं लागलं नसतं. मी कुरकुरायचो आणि ते सगळं पुन्हा नीट उतरवून काढायचो.

मसाटच्या एका सूत कंपनीत मशीनवर काम करणारा धुळ्याकडचा एक जण त्यांच्याकडे यायचा. बसल्या जागेवरून सारखा दाराकडे बघायचा. कोणीतरी आपलं नाव यादीत चढवलंय, एक दिवस शिक्क्याचा कागद येणार आणि आपल्याला घेऊन जाणार, ही त्याची भीती. पहिल्या दिवशी मी सवयीनं नाव विचारलं, तर तो भिंतीला टेकून थरथरायलाच लागला. "मन्हं नाव लिखू नका, भाऊ."

"लिहीत नाही," ते म्हणाले, आणि माझंही पेन काढून टेबलावर ठेवलं.

सहा-सात महिन्यांत तो माणूस झोपायला लागला. कामावर टिकला. एकदा गावाहून येताना त्यानं भुईमुगाच्या शेंगा आणल्या, आणि मला त्यातल्या चार देताना चक्क हसला. मला त्याचं कौतुक वाटलं. पण नाव न लिहिता सरकारी गोळ्या द्यायच्या म्हणजे काय, हे माझ्यातल्या क्लार्कला शेवटपर्यंत पटलं नाही.

मग तीन वर्षं संपली. त्यांची जागा शिष्यवृत्तीला बांधलेली, त्यामुळे ती मुदतीबरोबर संपली. पुढच्या विद्यार्थ्याचा आदेश आला, विद्यार्थी आला नाही. "मी थांबतो," असा यांनी अर्ज केला. तशी तरतूद नाही, असं उत्तर आलं. ते उत्तर मीच आवक रजिस्टरला चढवलं.

जायच्या दिवशी त्यांनी रुमाल माझ्या टेबलावर ठेवला. तीन कोपरे सुटे, चौथ्याला गाठ.

"तो धुळ्याचा, दोन शुक्रवार आला नाही. गोळ्या संपल्या असतील. सामरवरणीला खोली आहे त्याची, तुम्ही स्वतः जा. चहा प्या, गप्पा मारा. बाकी काही नको."

"जातो की," मी म्हटलं.

गेलो नाही. महिनाअखेरीची पत्रकं होती, नंतर तपासणी आली. सामरवरणी काही लांब नव्हतं हो, सायकलवर सहज जाता आलं असतं. रुमाल ड्रॉवरमध्ये दिसायचा आणि मला ओशाळल्यासारखं व्हायचं. शेवटी मला जे येतं ते मी केलं. कंपनीला फोन करून त्याचं पूर्ण नाव मिळवलं, एक पोस्टकार्ड घेतलं, सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली दवाखान्याचा गोल शिक्का मारला आणि काम झालं म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला.

महिन्याभरानं डॉक्टर अचानक आले. आधी सामरवरणीला जाऊन आले होते. शेजारच्या खोलीतल्या माणसानं त्यांना सांगितलं होतं, "कार्ड उनं, अन् तो निंघी गया. पेटीबी लई नही गया." पेटी खोलीत तशीच होती, पण कंपनीत तो नव्हता. गावीही पोचला नव्हता.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते माझ्यासमोर बसले, हात लांब करून माझ्या खिशातलं पेन काढलं आणि टेबलावर ठेवलं. "आता सांगा," ते म्हणाले. "काय लिहिलं होतं?"

मला पाठ होतं. वीस वर्षं तेच लिहीत आलो होतो. त्याचं नाव म्हटलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मग म्हटलं, "आपण ठरलेल्या दिवशी हजर राहिला नाहीत, याची नोंद घेण्यात आली आहे."

त्यांनी डोळे मिटले. मी ड्रॉवर उघडून रुमाल पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, गाठ चाचपली आणि माझ्याकडेच परत दिला.

त्याला शोधायला वापीहून धुळ्याकडे जातो म्हणाले. त्यानंतर त्या दोघांपैकी कोणीच मला दिसलं नाही. मी रिटायर झालो, पण रुमाल अजून माझ्याच खिशात असतो आणि दिवसातून दहादा हातात येतो.